गाडी सुरू होत नाही त्याबाबत

३ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण ते शेवटी. आधी भांडण.

तू आमच्या गळ्यात मारलेली निळी गाडी सोमवारपासून सुरू होत नाही. ‘ताई, डोळे झाकून घे, इंजिन ठणठणीत आहे,’ असं सांगणारा तूच होतास ना? मग ये आणि बघ तुझं ठणठणीत इंजिन. किल्ली फिरवली की घर्र घर्र करतं, चांगलं जोरात करतं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकं, पण चालू काही होत नाही. शेजारचे गृहस्थ रोज गॅलरीत येऊन बघतात आणि ‘आज पण नाही का?’ म्हणून विचारतात. त्यांना दुसरा उद्योग नाही.

तुला वाटेल, म्हातारीला गाडी कशाला लागते एवढी? तर ऐक. तुझ्या भाऊजींना शुश्रूषागृहात ठेवून वर्ष होत आलं. ते गावाबाहेर आहे, बस खडीच्या कारखान्यापाशी संपते आणि पुढे चढ. मी रोज दुपारी जाते, कारण हे माझ्याच हातून जेवतात. तिथल्या परिचारिका चांगल्या आहेत, पण त्यांच्या हातचे दोन घास झाले की हे तोंड मिटून घेतात, आणि मग कुणी कितीही मिनतवाऱ्या करा. मी बसले की ताटली रिकामी होते. मी कोण हे यांना नेहमी कळतंच असं नाही. पण माझा हात पुढे आला की तोंड उघडतं. तेवढं एक राहिलंय, आणि ते या गाडीवर अवलंबून आहे.

चिरंजीव म्हणजे आपले साहेब म्हणतात, ‘रविवारी मी नेत जाईन तुला.’ रविवार आठवड्यातून एकदाच येतो हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

कोपऱ्यावर गॅरेज आहे, पण तिथे मी गाडी नेणार नाही. बाबांच्या मुलीने दुसऱ्याच्या गॅरेजची पायरी चढायची? फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. काय करायचं ते पत्राने सांग. लगेच.

तुझी,
ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार आधीच करून ठेवतो, पुढे तुझ्या रागात राहून जायचा.

गाडी तुझ्या गळ्यात मारली हे खोटं. तूच तिच्याभोवती फेऱ्या मारून ‘रंग चांगला आहे’ म्हणालीस. इंजिन मी बघितलं, रंग तू बघितलास.

आता नीट ऐक, म्हणजे वाच. माझा उजवा कान गेलाच आहे आणि डावा त्याच वाटेवर आहे. आयुष्यभर चालू इंजिनात डोकं घातल्याचं हे बक्षीस. तेव्हा आपलं हे पत्रांचंच बरं. पहिलं काम, समोरचे दिवे लाव आणि कुणाला तरी समोर उभं करून ते मंद पडतात का बघ. मग बॉनेट उघडून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरट बुरशीसारखं काही साठलंय का बघ. असलं तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढ आणि नट घट्ट कर. आधी काळी तार काढायची, लावताना ती शेवटी. विसरू नकोस.

कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली नाहीस ते उत्तम केलंस. ही माणसं एक बिघाड काढतात आणि दोन घालून ठेवतात. कुणालाही हात लावू देऊ नकोस. मी सांगतो तसं करत राहा, घाई करू नकोस.

आणि ताई, एक सुचवू का? गाडीने सुट्टी घेतलीच आहे, तर तूही जरा घे. वर्षभर रोज ये-जा चाललीय तुझी. भाऊजींची काळजी घ्यायला तिथे माणसं ठेवलेली आहेत.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

सुट्टी घे म्हणे! तुला मी गाडीचं विचारलं होतं, माझ्या प्रकृतीचं नाही.

दिवे लख्ख आहेत. सूनबाईला समोर उभं केलं, ती म्हणाली, ‘आई, डोळे दिपले, बंद करा.’ बॅटरीची टोकं स्वच्छच होती, तरी तू सांगितलंस म्हणून सोडा घालून घासली. माझी एक बरी साडी गेली त्यात. काळी तार आधी काढली, शेवटी लावली. उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं, शेळीला मात्र कमरेत वाकावं लागतं.

गाडी जिथल्या तिथे.

एक गोष्ट लक्षात आली ती लिहिते. पूर्वी किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून बारीक गुणगुण यायची, क्षणभर, आणि थांबायची. मला वाटायचं गाडी घसा साफ करतेय. ती आता येत नाही. मी मागे बसून, कान लावून ऐकलं. साफ शांत. याचा काही अर्थ होतो का?

मधे टॅक्सीने जाऊन बघितलं. टॅक्सीवाला थांबायला तयार नाही, आणि यांचं जेवण किती वेळ चालेल हे यांनाही सांगता येत नाही. मध्येच हॉर्न वाजवायला लागला. हे दचकले, घास खाली पडला, मग तोंड उघडेनात. परत येताना मी त्या माणसाला असं काही सुनावलं की त्याने मला खडीच्या कारखान्यापाशी उतरवून दिलं. तिथून बसने आले.

काल परिचारिकेचा फोन आला होता. म्हणाली, ‘आजी, तुम्ही कधी येताय? घास तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत.’ मी तिला काय सांगणार? ‘माझा भाऊ पत्र लिहितोय,’ असं?

साहेब मात्र आजकाल फार गोड वागतात. संध्याकाळी चहा स्वतः करून देतात. ‘आई, दमली असशील, बस.’ अरे, मी दमायला कुठे जाते आहे?

लवकर लिही. गुणगुणीचं नक्की लिही.

ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,

साडीचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी जुनी नेस.

बॅटरी ठीक आहे म्हणतेस, तर आता पेट्रोल. टाकीत किती आहे? काटा खोटं बोलतो कधीकधी. थोडं ताजं पेट्रोल आणून घाल. त्याने झालं नाही तर प्लग. प्लग काढायला लांब पाना लागतो, तो तुझ्याकडे नसेल. मी इथून पाठवीन, आठवडाभरात पोचेल. प्लग काढून त्यांची टोकं काळी आहेत की तपकिरी ते मला लिहून कळव, मग मी पुढचं सांगतो. मधल्या काळात किल्ली सारखी फिरवू नकोस, बॅटरी उतरेल.

या कामांना वेळ लागतो ताई. तू लहानपणापासून अशीच, उकळी फुटायच्या आधी झाकण उघडणारी. आणि खरं सांगायचं तर या वयात त्या चढावर, त्या खडीच्या ट्रकांमधून तू गाडी चालवतेस हे मला आधीपासूनच पटत नव्हतं. डाव्या बाजूचा पत्रा घासला तेव्हाच आपण समजायला हवं होतं. तेव्हा पत्र्यावर निभावलं. प्रत्येक वेळी निभावतंच असं नाही.

तिथली माणसं भाऊजींना उपाशी ठेवणार नाहीत. हळूहळू होईल सवय.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

‘चि.’ मुद्दाम गाळलं आहे.

डाव्या बाजूचा पत्रा घासलाय हे तुला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं. मागची सगळी पत्रं आठवून बघितली, मी एका अक्षराने लिहिलेलं नाही. तुझं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते, दूध उतू गेलं तरी उभीच होते.

मग दुसरं सुचलं, आणि ते सुचल्यावर मला स्वतःचीच चीड आली, की इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही. आपले बाबा त्यांच्या गॅरेजात काय करायचे? गिऱ्हाईक ‘गाडी सुरू होत नाही’ म्हणालं की त्याचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडायचे. आधी ते, मग बाकीचं सगळं. तुला एकदा त्यांनी झाकण न उघडता बॅटरीला हात लावलास म्हणून गिऱ्हाइकासमोर कान धरून बाहेर उभं केलं होतं. तू बाहेर रडत होतास, आणि मी काउंटरवर बसून चिठ्ठ्या लिहीत होते, कारण मुलीने गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचं नाही असा नियम होता. उतरले नाही, पण बघत होते ना! बाबांच्या हाताखाली जन्म काढलेला माणूस दिवे सांगतो, बॅटरी सांगतो, पेट्रोल सांगतो, प्लग सांगतो, आणि फ्यूजच्या डब्याचं नाव काढत नाही? विसरशील तू? झोपेतसुद्धा विसरणार नाहीस. आणि गुणगुणीबद्दल मी दोनदा विचारलं, त्यावर अवाक्षर नाही.

मी डबा उघडला. झाकणाच्या आतून चित्र छापलेलं असतं, कुठल्या घरात काय बसतं त्याचं. पेट्रोल पंपाचं घर रिकामं! काळा ठोकळा, काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा, तोच काढून नेलेला. पंपाला वीज नाही म्हणून गुणगुण नाही, पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही, म्हणून नुसतं घर्र घर्र. आणि मी सोडा घालून बॅटरी घासते आहे!

रात्रीच्या जेवणाला साहेबांसमोर झाकण नेऊन ठेवलं. म्हटलं, ‘इथलं काय झालं?’

त्याने घास खाली ठेवला. ‘आई, तू चिडू नकोस. तुझ्या भल्यासाठीच केलं.’

‘कुणाला विचारून?’

‘मामांना.’

जानेवारीत कामासाठी तो तुझ्या गावाला आला होता, तुझ्याकडे जेवला, आणि तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत. कुठला ठोकळा काढायचा ते तू कागदावर काढून दिलंस. मला सांगण्याची कुणाला गरज वाटली नाही. माझ्याबद्दल ठरवायचं, माझ्या गाडीचं ठरवायचं, माझ्या नवऱ्याच्या तोंडात घास कोण घालणार तेही ठरवायचं, आणि मी तेवढी तुमच्या सूचना पाळत बॉनेटमध्ये वाकायचं! सूनबाई म्हणाली, ‘मी यांना म्हटलं होतं, आईंना विचारा.’ घरात तेवढी एक शहाणी आहे.

साहेब म्हणाले, ‘बाबांना काय कळतंय आता? तू गेलीस काय, न गेलीस काय.’ मी उठून गेले. नाहीतर ताट फेकलं असतं.

आता पत्र्याचं. हो, घासला. फाटकाच्या खांबाला. त्या दिवशी यांनी मला पहिल्यांदा विचारलं, ‘बाई, तुम्ही कुणाकडे आलात?’ बेचाळीस वर्षांचा संसार. मला गाडी शिकवली ती यांनीच, रिकाम्या मैदानात, माझ्या हातावर हात ठेवून. मी जेवण भरवलं, तोंड पुसलं, चढ उतरून, ट्रकांमधून नीट घरी आले, आणि आपल्याच फाटकात रडायला लागले. तेव्हा घासला. तुमच्यापैकी एकाने विचारलं असतं तर मी हे सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, तुम्ही पुरावा म्हणून धरून ठेवलात.

तुझा लांब पाना पाठवू नकोस. हॉर्नचा ठोकळा आणि पंपाचा ठोकळा दिसायला अगदी सारखे असतात, आकडेही तेच. हॉर्नचा काढला, पंपाच्या घरात बसवला. किल्ली अर्धी फिरवली, गुणगुण आली. पुरी फिरवली, गाडी सुरू. हॉर्न वाजत नाही. ओरडायला मी आहे.

उद्या दुपारी जाते आहे.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचलं. परत वाचायची हिंमत झाली नाही.

हो, मीच सांगितलं. तो ठोकळा त्याने काढला आणि मला पाठवून दिला, घरात ठेवला तर तुला सापडेल म्हणून. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो इथे माझ्या टेबलावर होता. फ्यूजच्या डब्याचं लिहायला घेतलं की हात अडायचा. लिहावं तर तू उघडून बघशील, न लिहावं तर बाबा आठवत. मी न लिहिणं पसंत केलं.

पण तूही थोडं ऐक. तुझा मुलगा माझ्यासमोर बसून रडला ताई. एवढा मोठा माणूस. म्हणाला, ‘मामा, बाबा तर गेल्यातच जमा आहेत, आईचं काही झालं तर?’ तो म्हणाला, तू संध्याकाळी येतेस तेव्हा पायऱ्या धरून चढतेस. तू मला कधी लिहिलंस हे? तू कुणाचं ऐकतेस कधी? तुला विचारलं असतं तर तू काय उत्तर दिलं असतंस ते तुलाही माहीत आहे आणि आम्हालाही. म्हणून विचारलं नाही. चुकलं ते चुकलंच, पण वाईट मनाने केलेलं नाही. तुझ्याशिवाय मला आहे कोण? बाबांच्या माराला आडवी येणारी तू, मला ऐकू येत नाही म्हणून अजून हाताने पत्र लिहिणारीही तूच.

ठोकळा या पत्रासोबत पार्सलने पाठवतो आहे. पंपाच्या घरात हा बसव आणि हॉर्नचा परत हॉर्नला लाव. त्या ट्रकांमध्ये हॉर्नशिवाय जाऊ नकोस, एवढं तरी ऐक. जाऊ नकोस असं मी आता म्हणणार नाही.

मी पुढच्या महिन्यात येतो. तुला हवं तिथे गाडीतून नेतो, रोज नेतो, म्हणशील तितके दिवस. काय भरून काढायचं ते भरून काढीन. भाऊजी आता जेवत असतील ना? तेवढं कळव.

तुझा,
धाकटा


२ मार्च

चि. धाकट्या,

पार्सल मिळालं. ठोकळा लावला. हॉर्न वाजतो.

तू विचारलंस, भाऊजी जेवतात का? जेवतात.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा हे खिडकीपाशी बसले होते. बारीक झालेत, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल पडली आहे. मी हात धुतले, ताटली घेतली, नेहमीच्या जागी, यांच्या डाव्या हाताला बसले. घास पुढे केला. यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, रुसले असतील, इतके दिवस आले नाही म्हणून. रुसले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशीही तेच. ओठ घट्ट मिटलेले. मी बोलले, गप्प बसले, सगळं करून बघितलं.

तिसऱ्या दिवशी ती धाकटी परिचारिका आली, फोन करणारी. ‘आजी, मी बघू का?’ म्हणाली. दुसऱ्या बाजूला बसली, चमचा वाटीच्या काठावर दोनदा वाजवला, टक टक, आणि यांनी तोंड उघडलं. सगळं जेवले. तिने मला सांगितलं, मधल्या दिवसांत काही केल्या जेवेनात, तेव्हा हे असं करता करता जमलं. तिने माझ्या नवऱ्याला उपाशी मरू दिलं नाही. तिचा राग करता येत नाही मला, हीच तर पंचाईत आहे. मी पण चमचा वाजवून बघितला. माझ्या हातून उघडत नाहीत.

साहेबांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. ‘बघ आई, लागली सवय! आता तुला रोजची धावपळ नको.’ त्याला खरंच आनंद झाला होता रे. त्याला कळतच नव्हतं, मी त्याच्याकडे अशी का बघते आहे.

तू लिहितोस, वाईट मनाने केलं नाही. माहीत आहे. वाईट मनाने केलं असतं तर मला सोपं गेलं असतं, तुमचं तोंड बघितलं नसतं आणि सुटले असते. तुम्ही दोघांनी माझ्यावर माया केलीत आणि मायेपोटी माझ्याकडे उरलेलं शेवटचं काढून घेतलंत. यांच्या डोक्यातून मी केव्हाच गेले होते. यांच्या तोंडाशी तेवढी उरले होते. तिथे माझी जागा होती, धाकट्या, आणि तुम्ही मला न विचारता ती दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलीत. तू गाडीतून नेऊन हे कसं भरून काढणार आहेस? येऊ नकोस.

मी उद्याही जाणार आहे, परवाही जाणार आहे. पायऱ्या धरून चढेन, पण जाईन. ती मुलगी चांगली आहे, पहिला घास मला देऊ देते, मग यांनी तोंड फिरवलं की चमचा हातात घेते. रोज पहिला घास मी पुढे करणार आहे.

यांनी घेतला की तुला कळवीन. तोपर्यंत पत्र लिहू नकोस.

ताई